पाखरे वेळ ओळखतात

मननासाठी वचन : यिर्मया ८:४-८



यिर्मया संदेष्ट्याने आपल्या लोकांपुढे पक्ष्यांचा कित्ता ठेवला. करकोच्याला आपला नेमलेला समय कळतो, पण देवाच्या प्रजेला देवाचा न्याय कळत नाही, हे त्याचे दुःख होते. युरोप व आफ्रिका यांमध्ये ये-जा करणाऱ्या करकोच्यांचे थवे आजही त्याच्या देशावरून जातात. इब्री भाषेत करकोच्याला ‘हसीदा’ म्हणतात. ‘हेसेद’, म्हणजे अढळ प्रेमदया, या शब्दाशी त्याचे नाते आहे.

आम्हा बऱ्हाणपूरकरांना हा कित्ता दूर नाही. आपल्या घाटांवरून वाहणारी तापी पुढे जळगाव जिल्ह्यात जाते, चांगदेवजवळ तिला पूर्णा मिळते आणि खाली हतनूरचे धरण लागते. मंडळीतील आम्ही काही जण जानेवारीत एक दिवस त्या जलाशयाकाठी गेलो होतो. दुर्बिणीतून मोठ्या लालसरी बदकांचे थवे दिसले, चक्रवाकांच्या जोड्या दिसल्या. ही पाखरे हिमालयापलीकडून, मध्य आशियातून येतात. दिवस लहान होऊ लागले की त्यांना निघण्याची ओढ लागते. पाणी गोठून दाणा संपेपर्यंत ती थांबत नाहीत. आपण मात्र देवाकडे परतणे आणि भावाशी समेट करणे उद्यावर ढकलतो. तो उद्या आपल्या हाती आहे काय?

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पट्टकादंब नावाचा हंस हिवाळ्यात भारतात येतो. हिमालय ओलांडताना तो ७,००० मीटरांहूनही उंच उडाल्याची नोंद आहे. त्याची पिल्ले पहिला प्रवास आईबापांच्या सोबतीने करतात आणि वाट शिकतात. मुलांना उपासनेला नुसते धाडून भागत नाही. आपण पुढे चालावे लागते.

पण यिर्मयाचा शब्द कोणासाठी होता? नियमशास्त्र आपल्याजवळ आहे, म्हणून आपण शहाणे, असे समजणाऱ्यांसाठी. म्हणजे दर रविवारी पुढच्या बाकावर बसणाऱ्या आपल्यासाठीच. वर्षातून एकदा, नाताळला येणाऱ्यांना आपण हसून विचारतो, “काय, आज इकडे कुठे वाट चुकलात?” त्या एका प्रश्नाने कित्येकांची पावले पुन्हा मंदिराकडे वळत नाहीत. कोणी भांडणामुळे दुरावलेला असतो, कोणी पोटासाठी सुरत-मुंबईला गेलेला असतो. तो वाट चुकलेला नसतो. ओढ लागली म्हणूनच आलेला असतो.

हजारो कोस उडून आलेल्या पाखराला तलाव कोरडा मिळाला, तर ते तेथे उतरत नाही. तलावाने पाखराला बोलवायचे नसते, पाणी राखायचे असते. आपल्या मंडळीत असे पाणी आहे काय? या नाताळात जो कोणी येईल, त्याला प्रश्न न विचारता आपल्या शेजारी जागा द्या. उपासनेनंतर घरी जेवायला न्या. आणि ज्याच्याशी आपले बोलणे बंद आहे, त्याच्या दारी तो येण्याआधी आपणच जाऊ या.

प्रभू आपणांस समय ओळखण्याची बुद्धी देवो. आमेन.