लेकरांच्या चालीने

शास्त्रभाग : उत्पत्ती ३३:१२-१४

एसाव बरोबर चल म्हणाला, पण याकोबाने नम्रपणे नकार दिला. लेकरे कोवळी होती. तो त्यांच्या चालीने निघाला.

प्रियजनहो, महिन्यापुरत्या आलेल्या बदली बाईंना वर्गातली लेकरे ठाऊक नसतात. धाकानेच वर्ग ताब्यात राहील असे त्यांना वाटते. इकडे आपले लेकरू सकाळी पोट दुखते म्हणून रडते. अशा वेळी उपासनेनंतर मंदिराच्या अंगणात बाईंची निंदा करू नका. (ती आपल्याला फार लवकर जमते!) मत्तय १८:१५ प्रमाणे आधी त्यांना एकांतात भेटा. लेकरू कशाला भिते ते सांगा, त्यांचेही ऐका.

मात्र मारहाण किंवा मानसिक छळ होत असेल, तर गप्प बसणे म्हणजे ख्रिस्ती सहनशीलता नव्हे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने दोन्हींना मनाई आहे. सरळ मुख्याध्यापकांकडे जा. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत बाईंचे नाव मात्र गाळू नका.