प्रतिग्रह

वणीहून वरोऱ्याला जाताना वर्धा नदी ओलांडावी लागते. नदीच्या अलीकडे यवतमाळ जिल्हा आणि पलीकडे चंद्रपूर, म्हणजे पूर्वीचा चांदा. जुनी महसुली दप्तरे उघडली तर यवतमाळ हे नावदेखील जिल्ह्याला १९०५ साली मिळाल्याचे आढळते, त्याआधी तो वणीच्याच नावाने, ‘वुन’ अशा साहेबी उच्चाराने, ओळखला जात असे. या नदीच्या दोन्ही तीरांवर १९५१ ते १९५६ या अवघ्या पाच-सहा वर्षांत ज्या गोष्टी घडल्या, त्या एकमेकींच्या शेजारी ठेवून पाहिल्याखेरीज परदेशातून सेवेसाठी येणाऱ्या तरुणांविषयी आपल्याला काही विचारपूर्वक म्हणता येईल, असे मला वाटत नाही.

वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर, ज्याचे पुढे आनंदवन झाले, बाबा आमटे आणि साधनाताई आपली दोन लहान मुले, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये एवढ्या ऐवजावर १९५१ साली राहावयास गेले, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संस्थेचे अनेक देशांतील तरुण स्वयंसेवक त्या माळावर येऊन रोग्यांच्या बरोबरीने दगड-माती वाहू लागले व त्यांनी तेथे रुग्णालयाच्या इमारती उभ्या केल्या. इकडे यवतमाळ शहरात १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी स्थापन झाली, जी पुढे तीस वर्षे, १९८३ साली पुण्यास जाईपर्यंत, देशाच्या नाना प्रांतांतून येणाऱ्या तरुणांना ख्रिस्ती धर्मसेवेसाठी तयार करीत राहिली. आणि १९५४ साली मध्यप्रदेश सरकारने, ज्याच्या अंमलाखाली वऱ्हाड तेव्हा होता, नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. एका बाजूस परक्या मुलखातील तरुणांचे स्वागत, दुसऱ्या बाजूस त्यांच्या हेतूंची सरकारी तपासणी, आणि मध्ये एक विद्यालय, जेथे सेवा आणि उपदेश ही दोन्ही एकाच धड्यात शिकवली जात. एवढ्या लहानशा भूभागात हा प्रश्न इतक्या उघड रीतीने क्वचितच उभा राहिला असेल.

प्रश्न असा की दूरदेशीचा एखादा तरुण संघ, चर्चचा असो वा महाविद्यालयाचा, दोन-तीन आठवड्यांसाठी आपल्या एखाद्या खेड्यात येतो, शाळेच्या भिंती रंगवतो, शोषखड्डे खणतो, औषधे वाटतो आणि परत जातो, तेव्हा जे घडते ते दान आहे काय? या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा देणाऱ्याच्या अंतःकरणात शोधतो. त्याचा हेतू शुद्ध होता की नाही, त्याच्या हातात औषधाच्या पुडीमागे धर्मग्रंथ होता की नाही, एवढेच विचारतो. मला मात्र असे वाटते की हे उत्तर देणाऱ्याजवळ असूच शकत नाही, आणि आपल्या धर्मशास्त्राने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती.

याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने दानाचे जे विवरण केले आहे, ते प्रत्येक समाजसेवी संस्थेच्या कार्यवाहाने एकदा तरी मनन करावे असे आहे. आपल्या वस्तूवरील आपला हक्क सोडणे हा दानाचा अर्धा भाग; दुसऱ्याचा हक्क तीवर उत्पन्न होणे हा दुसरा अर्धा; आणि हा दुसरा अर्धा भाग घेणाऱ्याने ती वस्तू स्वीकारल्यावाचून सिद्ध होत नाही. या स्वीकाराला शास्त्रात प्रतिग्रह असे नाव आहे. बंगालचा जीमूतवाहन याच्या उलट मताचा होता. दात्याने त्याग केला की घेणाऱ्याचा हक्क तेथेच उत्पन्न होतो, असे तो मानी. वरवर पाहता हा वारसाहक्काच्या वकिलांचा वाद वाटेल. परंतु त्याच्या तळाशी मनुष्याविषयीच्या दोन निरनिराळ्या कल्पना आहेत. जीमूतवाहनाच्या मताने घेणारा झोपेत असला तरी चालेल. विज्ञानेश्वराच्या मताने त्याने जागे असले पाहिजे, समोर असले पाहिजे, आणि ‘नको’ म्हणण्याचा त्याचा अधिकार शेवटच्या क्षणापर्यंत शाबूत असला पाहिजे. महाराष्ट्र शतकानुशतके मिताक्षरेच्या शासनाखाली राहिला, हे या बाबतीत मी आपले भाग्य समजतो.

आता हा निकष आपल्या खेड्याला लावून पाहा. परदेशी विद्यालयांची उन्हाळी सुटी जून ते ऑगस्टमध्ये पडते. म्हणजे नेमक्या मृगाच्या पेरणीपासून श्रावणातल्या निंदणापर्यंत, जेव्हा यवतमाळच्या कापूसपट्ट्यात बाई दिवस उगवण्यापूर्वी भाकरी बांधून शेताला निघते आणि दिवे लागताना परतते. त्यांची नाताळची सुटी येते तेव्हा कापूसवेचणीच्या मुहूर्ताची सीतादहीची पूजा होऊन गेलेली असते, वेचणी भरात असते, तूर शेंगांनी लवलेली असते. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानासाठी देश, काल आणि पात्र या तिन्हींचा विचार सांगितला आहे. पैकी ‘काल’ हा शब्द आपण पर्वकाळ, ग्रहण, संक्रांत एवढ्याशीच जोडून ठेवला. मला त्याचा साधा अर्थ अधिक खोल वाटतो: घेणाऱ्याला फुरसत असेल तो काळ. ज्या आठवड्यात साऱ्या गावाचे लक्ष आभाळाकडे लागले आहे, त्या आठवड्यात पाहुण्यांसाठी माणसे गोळा करावी लागणे, शाळेतली मुले स्वागतगीतासाठी अडकवून ठेवावी लागणे, यात पाहुण्यांचा दोष नसेलही. पण संमती मात्र खऱ्या घेणाऱ्याची घेतलेली नसते. ती सरपंचाची घेतली जाते, संस्थेच्या चिटणीसाची घेतली जाते, कागदावर सही-शिक्का होतो. ज्या बाईच्या अंगणात खड्डा खणला जातो, तिला विचारण्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि ती बिचारी परक्या पाहुण्याला नाही कसे म्हणायचे या संकोचाने पदर सावरून बाजूला उभी राहते.

नियोगी समितीचा अहवाल १९५६ साली प्रसिद्ध झाला. रुग्णालये, शाळा, अनाथालये यांच्या मागे धर्मांतराचा हेतू असू शकतो, आणि ज्यांचा मुख्य उद्देश धर्मांतर हाच आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे, अशी तिची भूमिका होती. सेवेच्या आत लपलेली किंमत शोधून काढण्याचा तिचा आग्रह मला मुळीच अयोग्य वाटत नाही; आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याच्या श्रद्धेचा सौदा करणे हे कोणत्याही धर्मात पापच मानले पाहिजे. परंतु समितीची दृष्टी एका बाजूने आखूड पडली असे मला नम्रपणे म्हणावयाचे आहे. तिने किंमत एकच ओळखली, धर्मांतराची. सेवा करणाऱ्या तरुणाला स्वतःच्या मनःशांतीसाठी, आपल्या देशी परतल्यावर सांगण्याच्या कथेसाठी, पुण्यासाठी किंवा प्रशस्तिपत्रासाठी आमच्या दारिद्र्याची गरज असते, तेव्हा तीही किंमतच असते, आणि तिला धर्माची, देशाची सीमा नसते. १९६७ पासून बाबा आमट्यांच्या सोमनाथ प्रकल्पातील श्रमसंस्कार छावणीत येणाऱ्या आमच्या पुण्या-मुंबईच्या मुलांनाही हा प्रश्न तितकाच लागू आहे, आणि तो तेथे विचारला गेला पाहिजे.

समितीच्या दृष्टीतली दुसरी उणीव मला अधिक जाचते. खेड्यातला दरिद्री मनुष्य हा आमिषाला भुलणारा, संरक्षणास पात्र असा अज्ञ जीव आहे, असे गृहीत धरूनच अशा साऱ्या चौकशा चालतात. दुष्काळात ज्याला स्वतःच्या गावाने दार उघडले नाही, कुष्ठ झाल्यावर ज्याला घराने शिवेबाहेर काढले, तो मिशनच्या फाटकाशी गेला, तर तो भुलला म्हणायचे की त्याने निवड केली म्हणायचे? याचे उत्तर अहवालाच्याच वर्षी, नागपुरात मिळाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर लाखो माणसांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, आणि ती घेण्यासाठी विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून माणसे स्वतःच्या खर्चाने, प्रसंगी चालत आली. त्यांना कोणी औषध दिले नव्हते, दूध-भुकटी दिली नव्हती. प्रतिग्रह म्हणजे काय, हे मला त्या दिवसाइतके स्वच्छ दुसऱ्या कोणत्याही उदाहरणात दिसत नाही. घेणारी माणसे पूर्ण जागी होती.

ख्रिस्ती शास्त्राकडे वळले तरी हाच विचार सापडतो, आणि मिशनच्या लोकांनी तो आपल्याच ग्रंथात पुन्हा वाचावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू आपल्या शिष्यांना गावोगाव पाठवतो. पण पाठवताना थैली, झोळी, पायताण, काहीच बरोबर नेऊ देत नाही. ज्या घरात स्वागत होईल तेथे राहावे, पुढ्यात येईल ते खावे, आणि जे गाव स्वीकारणार नाही तेथून निघून जावे, अशी आज्ञा. म्हणजे ज्याला आज मिशन म्हणतात त्याची ही आरंभीची यात्रा देणाऱ्यांची नव्हतीच; ती भाकरीसाठी परक्या घरावर अवलंबून असलेल्या पाहुण्यांची होती. दोन हजार वर्षांत त्या झोळीचे जहाजभर सामान झाले, आणि यजमानाच्या हातचे खाण्याची आज्ञा मागे पडली.

ही आज्ञा विसाव्या शतकात एका इंग्रज तरुणाने फार मोठी किंमत देऊन पाळली. व्हेरियर एल्विन १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्तसेवा संघात आला तो धर्मोपदेशक म्हणून. १९३२ साली शामराव हिवाळे या मराठी सहकाऱ्यासह तो सातपुड्यातल्या गोंडांमध्ये राहावयास गेला, आणि तेथे धर्मप्रचार करावा ही नागपूरच्या बिशपांची अट मान्य करणे त्याला अशक्य झाले. १९३५ साली त्याने चर्चच सोडले. त्याच्या पुढील ग्रंथांविषयी आणि आयुष्याविषयी मतभेद पुष्कळ आहेत, आणि काही रास्तही आहेत; पण आपण ज्यांना द्यावयास आलो त्यांच्याकडूनच घ्यावयाचे आहे हे ओळखून आपली सारी प्रतिष्ठा खाली ठेवणे, हे मला अत्यंत धार्मिक कृत्य वाटते. आमच्या पांढरकवडा, झरी, मारेगाव भागातल्या कोलामांच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, एखादा परका गेला, तर त्याला बसायला बाज टाकतात, आणि घरात दूध नसले तरी कोरा चहा पुढे येतो. तो चहा आरोग्याच्या भयाने पाहुण्याने नाकारला, की मग त्याने कितीही विहिरी खणल्या तरी त्या पोडाच्या होत नाहीत.

नकाराचा प्रसंग सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलवर तिच्या जन्माच्या वेळीच आला होता. पहिल्या महायुद्धात व्हर्दंच्या परिसरातले एन नावाचे फ्रेंच खेडे उद्ध्वस्त झाले होते. १९२० साली पियर सेरेसोल या स्विस शांतिवाद्याने काही देशांतले तरुण जमवून ते पुन्हा बांधावयास घेतले, आणि त्यांत जर्मनही होते. ज्यांनी घरे पाडली त्यांच्याच देशबांधवांनी ती उभारावी, ही कल्पना किती उदात्त! परंतु त्या मुलखात जर्मन हातांना विरोध झाला, आणि काही महिन्यांत स्वयंसेवकांना काम सोडून जावे लागले. सेरेसोलच्या चरित्रातला हा पराभव मानला जातो. मला तो तसा वाटत नाही. ज्या मुलखाने सर्वस्व गमावले होते त्याच्याजवळ ‘नको’ हा एक शब्द उरला होता, आणि तो त्या तरुणांनी मानला. तोच सेरेसोल १९३४ च्या बिहार भूकंपानंतर हिंदुस्थानात आला आणि येथल्या कार्यकर्त्यांच्या हाताखाली गावे उभारण्याच्या कामी लागला. आणि पुढे त्याच्याच संस्थेची मुले आनंदवनाच्या माळावर पोचली.

त्या मुलांनी आनंदवनात बांधलेल्या भिंतींची हकीकत पुष्कळदा सांगितली जाते. माझे लक्ष मात्र त्यांच्या पंक्तीकडे जाते. झडलेल्या बोटांनी कुदळ धरून ज्यांनी त्या मुरमाड जमिनीत विहीर पाडली आणि भाजीपाला काढला, त्यांच्या शेजारी बसून ही परदेशी मुले तेच अन्न जेवत होती. वरोऱ्याचे लोक तोपर्यंत आनंदवनाच्या वाटेला जात नसत, तेथली भाजी बाजारात आली तर तिला हात लावावयास धजत नसत. साता समुद्रांपलीकडून आलेली तरणीताठी पोरे ती खातात आणि त्यांना काही होत नाही, हे पाहावयास गावातली माणसे आधी कुंपणापर्यंत, मग आत येऊ लागली; आणि पुढे हळूहळू वरोऱ्याच्या बाजारात आनंदवनाची वांगी-टमाटी विकली जाऊ लागली.