चारपर्यंतची मोजणी

सातपुड्याच्या पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात आणि त्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशाच्या पट्ट्यात निहाली नावाची भाषा बोलली जाते. बोलणारे उरलेत दोन-अडीच हजार. डच अभ्यासक कायपर यांनी 1962 मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. शेजारची कोरकू मुंडा कुळातली, मराठी आर्यभाषांतली. निहालीला मात्र अजून कोणत्याच कुळात नक्की जागा मिळालेली नाही.

तिची मोजणी ऐकण्यासारखी आहे. एकाला बिडुम. हा शब्द तिचा स्वतःचा. दोन, तीन, चार म्हणजे इरार, मोठो, नालो. हे द्राविडी आहेत. नालो तर तमिळमधल्या ‘नालु’चा उघड सोयरा. पाचापासून पुढचे आकडे हिंदी-मराठीच्या वळणाचे. म्हणजे दहापर्यंत मोजता मोजता माणूस तीन भाषापरंपरांतून जाऊन येतो. कोणे एके काळी या डोंगरात कोण कोणाचे शेजारी होते, याची लेखी नोंद नाही. ती या आकड्यांत आहे.

चारापर्यंतच्या वस्तू डोळ्याला न मोजताही कळतात. पाचापासून खरं मोजावं लागतं. आणि ते बहुतेक वेळा दुसऱ्याशी व्यवहार करताना लागतं: बाजारात, मजुरीच्या हिशेबात, सावकारापुढे. तिथे समोरच्याला कळेल तोच आकडा चालतो. निहालीने पाचाच्या पुढे बाजाराची भाषा का घेतली असेल, याचं उत्तर मला इथे दिसतं.

उसनं घेण्यात कमीपणा काहीच नाही. आपला ‘हजार’ फारसीतून आला आणि मराठी त्याने गरीब झाली नाही. शब्द घेतल्याने भाषा मरत नाही. आई-बाप मुलांशी ती बोलायचे थांबले, की ती मरते. ते थांबतात तेव्हा बहुधा त्यांना कुणीतरी पटवून दिलेलं असतं, की ही भाषा घराबाहेर कामाची नाही. ते पटवून देणाऱ्यांत आपण मराठी बोलणारेही आहोत, कारण जळगाव जामोद तालुक्यात शाळा आपल्या भाषेची आणि कचेरीही आपल्याच भाषेची.

म्हणून त्या तालुक्यातल्या शिक्षकांना आणि अंगणवाडीच्या ताईंना एक विनंती. अंक शिकवायला फळ्याकडे वळाल, तेव्हा वर्गातल्या निहाली मुलाला आधी त्याच्या घरची मोजणी म्हणू द्या. बिडुम, इरार, मोठो, नालो. इतर मुलांनाही त्याच्यामागून म्हणू द्या. पाचापासून पुढे सगळ्यांनी मिळून मोजा. यासाठी ना निधी लागतो, ना शासन निर्णय. आपल्या घरची भाषा शाळेत चालते, एवढं त्या मुलाला त्या दिवशी कळलं तरी पुष्कळ झालं.