वारीतला मुक्काम आणि वरची खोली



ज्येष्ठात मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून निघते आणि महिनाभर चालून पंढरीला पोचते. या वाटेवर आपण किती परक्या घरांत झोपलो, याची मोजदाद कुणी ठेवली आहे का? पाऊस आला की गावकरी ओसरी रिकामी करतात, सतरंजी अंथरतात, पहाटे चहा ठेवतात. आडनाव कुणी विचारत नाही. गळ्यातली तुळशीची माळ पाहतात आणि ‘या माउली’ म्हणतात.

आता घरी या. जळगाव-धुळ्याची आपली मुले शिकून पुण्याला, नाशिकला, सुरतेला नोकरीला जातात. पहिला प्रश्न खोलीचा. एजंटाचे पैसे, मालकाचे डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार, हे सारे पोरगा कसेबसे जमवतो. मग दारात प्रश्न सुरू होतात. लग्न झाले का? गाव कुठले? आणि शेवटी, आवाज जरा खाली आणून, ‘आडनाव काय म्हणालात?’

माझ्या पुतण्याला अशीच एक खोली नाकारली, तेव्हा त्या मालकाला मी घरबसल्या खूप बोललो. बोलता बोलता जीभ अडखळली. आदल्याच वर्षी माझ्या वरच्या मजल्यावरची खोली पाहायला कॉलेजचा एक मुलगा आला होता. बोलणे नम्र, भाडे आगाऊ द्यायची तयारी. मी आडनाव विचारले आणि ‘खोली कालच दिली’ असे सांगितले. पुढे ती खोली दोन महिने रिकामी होती. त्या दोन महिन्यांत मी एकही एकादशी चुकवली नाही.

हे दुखणे जुने आहे. १९१७ साली बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. एवढ्या मोठ्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. काही दिवसांतच लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. विद्या होती, पगार होता, डोक्यावर छप्पर तेवढे नव्हते.

दुसरी आठवण आपल्या अभिमानाची. अमळनेरच्या शाळेत शिकवलेले साने गुरुजी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसले. विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे, एवढेच त्यांचे मागणे होते. विरोध मोठा होता. अशा वेळी ते बसले तनपुरे महाराजांच्या मठात. दहा दिवसांत उपोषण सुटले. गुरुजींचे नाव आपण घेतो. पण त्या दिवसांत आपली जागा देणे हीसुद्धा एक सेवाच होती.

तुम्ही म्हणाल, मग मालकाने काहीच विचारू नये का? जरूर विचारावे. आयुष्याची पुंजी घालून घर बांधलेले असते, भीती खोटी नसते. काम काय करता, भाडे वेळेवर द्याल का, हे विचारा. ओळखपत्र घ्या, पोलिसांकडे माहिती द्या. करार लेखी करून नोंदवा. कायद्याने ती जबाबदारी मालकाचीच आहे. आपण माळकरी, घरात मांस-मच्छी शिजू नये असे वाटत असेल, तर तेही मोकळेपणाने सांगा. पण येईल त्या प्रत्येकाला तीच अट सांगा आणि पाळायची की नाही, हे त्याला ठरवू द्या. आडनाव ऐकून त्याचे ताट आपणच वाढून मोकळे होतो, तिथे चूक होते. अट वागण्याला घालता येते. जन्माला घातली की तो विटाळच होतो, नाव काहीही द्या.

पुंडलिकाच्या दारी देव आला, तेव्हा तो आईबापांच्या सेवेत होता. त्याने देवालाही थांबवले. पण परत पाठवले नाही. उभे राहायला वीट दिली. आपण त्याच विटेवरच्या देवाला भेटायला दरवर्षी चालत जातो.

वारीहून परतल्यावर कुणी खोली विचारत दारी आले, तर आधी तांब्याभर पाणी द्या, मग अटी सांगा. आडनाव करार लिहिताना कळेलच.