माया की मोह?

अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत एक कपोत आहे. पिल्ले पारध्याच्या जाळ्यात अडकली म्हणून कबुतरीने मागचापुढचा विचार न करता जाळ्यात उडी घेतली, तिच्यामागून कबुतरानेही. अतिस्नेह करू नये, हा धडा अवधूतांनी त्यातून घेतला. भागवताच्या अकराव्या स्कंधातली ही कथा आपण पुष्कळदा ऐकली आहे. पण नातवंडाला मांडीवर घेऊन ती ऐकताना मनात येतेच, की लेकरावर जीव लावणे हाही मोहच का? मग संसारी माणसाने करायचे तरी काय?

मी बँकेत कारकुनी केलेला, कॉमर्सचा पदवीधर. वेदान्त सांगण्याचा माझा अधिकार नाही. निवृत्तीनंतर या विषयावर थोडेफार वाचले, तेवढेच मांडतो.

जॉन बोल्बी हे इंग्रज मनोविकारतज्ज्ञ १९०७ साली सुखवस्तू घरात जन्मले. त्या काळच्या रीतीप्रमाणे आईची भेट रोज संध्याकाळी तासभर. त्यांना सांभाळणारी बाई, ते चार वर्षांचे असताना काम सोडून गेली. ते दुःख ते विसरले नाहीत. पुढे त्यांनी सांगितले, की मुलाला अन्नाइतकीच एका भरवशाच्या माणसाची गरज असते.

त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी हे आधी युगांडातल्या खेड्यांत आणि मग अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात तपासून पाहिले. वर्षाच्या बाळाला आईबरोबर अनोळखी खोलीत बसवायचे, आईने थोडा वेळ बाहेर जाऊन परत यायचे. ज्या मातांनी वर्षभर बाळाच्या रडण्याला वेळच्या वेळी ओ दिली होती, त्यांची बाळे सहसा आई येताच बिलगली, शांत झाली आणि पुन्हा खेळायला गेली. काही बाळे मात्र आईकडे पाहीनात. वरून अगदी शांत. पण पुढे इतरांनी मोजले, तेव्हा त्यांच्याही छातीचे ठोके वाढलेले आढळले.

मला वाटते, उत्तर इथेच आहे. भरवशाची माया मुलाला बांधून ठेवत नाही, ती त्याला दूर जाण्याचे बळ देते. बांधून ठेवतो तो मोह. गुरुचरित्रातली कारंज्याची अंबामाता रडली, तिने नरहरीला अडवलेही. पण शेवटी निरोप दिलाच ना!

हा भरवसा मिळाला नाही तर त्याची सावली लांब पडते. आमच्या काउंटरवर एक वयस्क गृहस्थ येत. सगळ्या ठेवी एकट्याच्या नावावर. मुलाचे नाव लावा म्हटले, की फॉर्मची घडी करून खिशात घालायचे. एकदा सहज बोलून गेले, "वडील मला मीठ आणायला पाठवायचे आणि उरलेले पैसे दोनदा मोजून घ्यायचे." सत्तरीतही ते मोजणे थांबले नव्हते.

मग काय, लहानपणी ठरले ते ठरले? तसेही नाही. हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणे, आईबापांची व्यसने किंवा आजारपणे अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले चांगली, कर्ती, मायाळू माणसे झाली. त्यांच्या वाट्याला निदान एक तरी भरवशाचे माणूस आले होते. पुष्कळदा ते आजीआजोबा होते, कधी थोरले भावंड, कधी शेजारी. आम्ही खात्यात मांडायचो ती आरंभीची शिल्लक. पुढे जमा होतच असते.

म्हणून दोन गोष्टी. आपल्या आईवडिलांनी मायेत काही कमी केले असेल, तर त्यांनाही ते कुणी दिले होते का, हे आधी पाहावे. आणि मुले मोठी झाली म्हणून आपले काम संपले असे समजू नये. घरात, शेजारी, एखादे पोर भरवशाचे माणूस शोधत असते. जप चालू असताना त्याने हाक मारली, तर माळ क्षणभर बाजूला ठेवून आधी ओ द्यावी. जप नंतर पुरा करता येतो.