उत्तरपूजा न झालेलं शहर

ग्वाटेमालातल्या अँटिग्वाहून कोपानचे माया अवशेष पाहायला जाताना गाडीत वाद पेटला तो बुटांवरून. विहीणबाईंचं म्हणणं, देऊळ कुणाचंही असो, पायताण घालून आत जायचं नाही. जावई म्हणाला, "आई, ते देऊळ नाही, साइट आहे. तिकीट काढून जायचं." त्याच्या मित्राच्या बायकोला तापलेल्या दगडांची काळजी. मी पुण्याच्या कॉलेजात उभी हयात तत्त्वज्ञान शिकवलं, पण एवढा नेटका प्रश्न वर्गात कुणी विचारला नव्हता: पूजा थांबली की देऊळ देऊळ राहतं का?

आपल्याकडे याचं उत्तर तसं तयार आहे. मूर्तीत देव आपण बोलावतो. गणपतीची प्राणप्रतिष्ठा करतो, दिवस भरले की अक्षता टाकून निरोप देतो आणि मग ती माती निर्धास्तपणे पाण्यात सोडतो. विहीणबाईंच्या रत्नागिरीकडच्या गावात ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा आधी देवत्व मंत्रांनी कलशात काढून घेतलं होतं. मग गवंडी चपला घालून गाभाऱ्यात वावरले तरी कुणी ब्र काढला नाही. हे त्यांनीच सांगितलं. म्हटलं, मग झालं तर! कोपानची राजवट नवव्या शतकात मोडली, लोक पांगले. देवही गेला असेल.

"गेला असेल म्हणजे? निरोप कुणी दिला?"

यावर मला लगेच काही सुचलं नाही. शिवाय त्यांचं पारडं आदल्या मुक्कामापासूनच जड होतं. चिचिकास्तेनांगोला सांतो तोमास चर्चच्या पायऱ्यांवर बायका धुपाटणी हलवत होत्या, कोपाल नावाच्या धुपाच्या धुराने डोळे चुरचुरत होते, आणि आत तेच लोक मेणबत्ती लावून येशूसमोर गुडघे टेकत होते. गावाबाहेरच्या टेकडीवर पास्कुआल अबाख नावाचा देव आहे. काळा पडलेला दगड, चेहरा इतका झिजलेला की नाकडोळे अंदाजानेच ठरवायचे. समोर राख, मेणाचे ओघळ, फुलांच्या पाकळ्या. खंडित मूर्ती पूजेत ठेवू नये असं आपल्याकडे म्हणतात, तेही इथे कुणाला ठाऊक नव्हतं. अर्थात शेंदूर फासलेल्या तांदळ्याला आपण तरी नाकडोळे कुठे मागतो?

निरोपाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर कोपानमध्ये मिळालं. एल फ्लोरिदोच्या नाक्यावर शिक्के मारून घेतले की होंडुरास लागतं, आणि तिथून कोपान जवळच. माया लोकांची बांधायची रीत अशी की जुन्या देवळाच्या डोक्यावरच नवं उभारायचं. त्यासाठी बहुधा जुनं पाडून त्याचा भराव करायचे. पण 16 क्रमांकाच्या मंदिराच्या पोटात 1989 साली होंडुरासचे पुरातत्त्वज्ञ रिकार्दो आगुर्सिया यांना एक अख्खं देऊळ सापडलं. त्यांनी त्याचं नाव ठेवलं रोसालिला. सहाव्या शतकातली ही वास्तू. शेजारच्या संग्रहालयात तिची पूर्ण उंचीची प्रतिकृती आहे, लालभडक, पक्ष्यांचे पंख आणि मुखवटे यांनी भरलेली. खरी वास्तू मात्र बोगद्यात शिरून पाहायची. दमट हवा, वाकून चालायचं, आणि काचेपलीकडे हातभर अंतरावर गिलाव्याचा एक तुकडा.

त्या तुकड्यापाशी मी बराच वेळ थांबले. पुरण्याआधी रोसालिलावर पांढऱ्या गिलाव्याचा जाड थर दिला होता. खोल्या माती-दगडांनी हलक्या हाताने भरल्या होत्या, एक नक्षी दुखावू न देता. आत गारगोटीचे नऊ कोरीव राजदंड सापडले, निळ्या कापडात गुंडाळून ठेवल्याच्या खुणांसह. पाडायचंच असतं तर एवढे सोपस्कार कुणी केले असते? मी विहीणबाईंना म्हटलं, ही बघा उत्तरपूजा. इथला देव रीतसर निरोप घेऊन गेला. त्यांनी काचेला नाक लावून पाहिलं आणि मान डोलावली. बोगद्यात त्या बूट घालूनच होत्या.

म्हणजे आमच्यात एक नियम ठरल्यासारखा झाला. निरोप दिलेली वास्तू मोकळी. न दिलेली मात्र मोकळी म्हणायची नाही. हा नियम तर्काला धरून आहे असं मला अजूनही वाटतं. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, पाटी आहे, कुंपण आहे, तरी आत पिंडीवर बेल पडतोच. खात्याची पाटी म्हणजे विसर्जन नव्हे.

पुढे किरिग्वा, रिओ दुल्से करत उत्तरेला निघालो. विहीणबाईंसाठी प्रत्येक खानावळीत काळ्या घेवड्यात डुकराची चरबी आहे का, हे मुलगी स्पॅनिशमधून विचारायची, आणि ती असली की मेतकूट-भाताचा डबा निघायचा. (जगातली कुठलीही यात्रा शेवटी डब्यावरच चालते.) गाडी चालवणारा मुलगा किचे माया, केत्साल्तेनांगोकडचा. त्याचा मामा अख्कीख, म्हणजे दिवसांची मोजणी सांभाळणारा पुजारी. वीस नावं आणि तेरा आकडे यांच्या फिरत्या जोड्यांचं 260 दिवसांचं चक्र, ते आजही चालू आहे. वाटेत मामाबद्दल मोकळेपणाने बोलणारा हा पोरगा पेतेनमध्ये सान लुईसला जेवायला थांबलो तेव्हा एकदम गप्प झाला. कारण गाडीत बसल्यावर सांगितलं. याच भागात जून 2020 मध्ये डोमिंगो चोक या केक्ची माया वैदूला, औषधी वनस्पतींच्या जाणकाराला, चेटूक केल्याचा आळ घेऊन जिवंत जाळलं. जाळणारे त्याच्याच टापूतले.

हातातल्या माहितीपुस्तकात पहिल्याच पानावर माया संस्कृती 'लुप्त' झाल्याचं छापलं होतं. ग्वाटेमालात आज बावीस माया भाषा बोलल्या जातात. 1960 ते 1996 च्या यादवीत दोन लाखांवर माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली, आणि सत्यशोधन आयोगाच्या 1999 च्या अहवालाप्रमाणे ओळख पटलेल्या बळींपैकी 83 टक्के माया होते. लुप्त झालेल्यांना मारावं लागत नाही. मला त्या पुस्तकाचा असा राग आला की ते मी सीटखाली सारलं. परवापर्यंत मीही पुस्तकी थाटात 'देव गेला असेल' म्हणत होते, ते आठवून जरा गप्पही बसले.

शेवटी तिकाल, हेही माया शहरच. तिथला तारीख कोरलेला शेवटचा दगड 869 सालचा. त्याआधी आणि त्यानंतर अवर्षणं, लढाया, आटत गेलेले तलाव. शहर कुणी पांढऱ्या गिलाव्यात गुंडाळलं नाही, माणसं निघून गेली इतकंच. मागाहून आलेल्यांनी पडके राजवाडे वापरले, पडलेले शिलास्तंभ हलवले, त्यांच्यापुढे काहीबाही ठेवलंही. आमच्या नियमाने पाहिलं तर इथे उत्तरपूजा झालेली नाही. विहीणबाईंनी मोठ्या चौकाच्या कडेलाच बूट काढले.

चौकात एक अग्निस्थान आहे. त्या दिवशी एक कुटुंब तिथे होम करत होतं, दुसरा शब्द मला सुचत नाही. आधी साखरेची आकृती काढली. पूर्वेला लाल मेणबत्त्या, पश्चिमेला काळ्या, उत्तरेला पांढऱ्या, दक्षिणेला पिवळ्या, मध्ये हिरव्या-निळ्या. कोपालच्या गोळ्या, चॉकलेट, वरून दारूची धार, की ज्वाळा भसकन वर. आजूबाजूला टोपीवाले पर्यटक फोन धरून उभे. एका आजीबाईंनी आमच्यापुढे मेणबत्ती केली. मी घेतली आणि आगीत ठेवली. विहीणबाईंनी हात जोडून नकार दिला. मला नवल वाटलं, कारण आम्हा दोघींत भाविक त्या.

"बूट काढणं माझं मी ठरवू शकते," त्या नंतर म्हणाल्या. "आहुतीला अधिकार लागतो. त्यांचा देव कोण, संकल्प काय, मला कुठे ठाऊक?" मी म्हटलं, त्यांनीच दिली ना मेणबत्ती? "दिली ती त्यांची माया. घ्यायची की नाही, ते आपण बघायचं." यावर आमचं आजतागायत एकमत नाही. यजमानाने पुढे केलेला हात नाकारण्यात मला सोवळं दिसतं, त्यांना मर्यादा दिसते.

मग आम्ही गाडी चालवणाऱ्या त्या मुलालाच गाठलं. मुलगी दुभाषी. या दगडात देव आहे, की होता आणि गेला? त्याला प्रश्नच कळेना. मुलीने तीनदा फिरवून विचारला. शेवटी तो म्हणाला, हाक दगडाला नसते, दिवसाला असते. आजचा जो दिवस आहे त्याचं नाव घेऊन बोलायचं. तो आज आला आहे, जाईल, 260 दिवसांनी परत येईल. मामा घरामागच्या टेकडीवरही हेच करतो. इथे येतात कारण इथे आजे-पणजे आहेत. समोरचं पहिलं मंदिर हसाव चान काविल या राजाच्या थडग्यावर उभं आहे, हे जावयाने मोबाइलमध्ये पाहून सांगितलं.

"म्हणजे समाधी!" विहीणबाई म्हणाल्या. "मग समाधीला कुठलं आलंय विसर्जन?"

माझा कोपानपासूनचा नियम तिथे कोलमडला. देव वस्तूत येतो आणि वस्तूतून जातो, हे धरूनच मी सगळा हिशेब मांडला होता. ज्यांचा देव वारासारखा येतो त्यांना हा हिशेब लागूच नाही. मग रोसालिलावरचा तो पांढरा थर कशासाठी? निरोप नसेल, एखाद्या पूर्वजाला पांघरूण असेल. तिच्या खाली, त्याच जागी, कोपानच्या पहिल्या राजाची दफनखोली सापडली आहे. हे मी विहीणबाईंना परतीच्या वाटेवर सांगितलं. त्यांनी विचारलं, मग बोगद्यात मला बूट का घालू दिलेत?