आजचे चिंतन : गीता, अध्याय १२, श्लोक १५ – आपली कोणाला भीती वाटते का?



आज बाराव्या अध्यायातला पंधरावा श्लोक. भक्ताची लक्षणं सांगताना भगवंत इथे दोन गोष्टी जोडीने सांगतात. भक्तामुळे जगाला उद्वेग होत नाही, आणि जगामुळे भक्तालाही होत नाही. आजवर मी हा श्लोक वाचताना दुसऱ्या गोष्टीपाशीच रेंगाळायचो. लोक काही बोलले तरी आपलं मन ढळू नये, एवढं साधलं की झालं, असं वाटायचं. पण क्रम बघा ना! आधी दुसऱ्याचा विचार आहे, मग आपला. हे माझ्या लक्षात आणून दिलं ते एका सशाने.

झालं असं की, गेल्या महिन्यात नातीच्या हट्टापायी घरात ससा आला. करड्या रंगाचा, मुठीएवढ्या तोंडाचा. नाव ठेवलं भुऱ्या. खोक्यातून निघाला तो थेट कॉटखाली, भिंतीच्या कोपऱ्यात. नातीने मैत्रिणींना बोलावून ठेवलं होतं. त्या सगळ्या जमिनीवर आडव्या पडून 'भुऱ्या, ये ना' करत होत्या. दोन दिवस झाले तरी दिवसा तो बाहेर येईना. रात्री कधीतरी गवत खाऊन जायचा, एवढंच. नात रडकुंडीला आली. "आजोबा, मी त्याला आवडत नाही का?"

मग मी पुढाकार घेतला. ३४ वर्षं शाळेत मुलं सांभाळली, एक ससा काय अवघड! कॉटखाली हात घातला, त्याला बाहेर काढला आणि मांडीवर घेतला. दोनदा पाय झाडले आणि मग एकदम गप्प. कान पाठीला चिकटलेले, डोळे मोठे. मी नातीला म्हटलं, "बघ, कसा शहाण्यासारखा बसलाय."

तेवढ्यात मुलगा कामावरून आला. दारातूनच म्हणाला, "बाबा, सोडा त्याला. तो शहाण्यासारखा नाही बसलेला, घाबरलाय."

"तुला काय माहीत?"

तो काही बोलला नाही. बूट काढत राहिला.

दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मुलाचं बरोबर आहे. ससा हा शिकार होणारा प्राणी. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, म्हणजे जवळजवळ सगळीकडचं दिसावं. वरून हात आला की त्याला तो घारीच्या झडपेसारखा वाटतो. पळायला वाट नसली की तो थिजतो, हालचाल बंद करतो. आपल्याला वाटतं शांत झाला. उचलताना जोरात पाय झाडले तर त्याच्या नाजूक कण्याला इजासुद्धा होऊ शकते. "त्याला आणू नका, त्याला येऊ द्या," असं म्हणाले.

घरी येऊन एका पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन बाजूंनी दारं कापली. दोन अशासाठी, की एका दारात कोणी आलं तर दुसरीकडून निघता यावं. लपायला जागा आणि सुटायला वाट. जवळच सुकं गवत आणि पाणी ठेवलं. गाजराचा डोंगर उचलला, कारण सशाचं खरं अन्न गवत. गाजर गोड, ते चवीपुरतंच द्यायचं. टीव्हीचा आवाज कमी केला. नातीला सांगितलं, जमिनीवर बसायचं, चित्रं काढायची, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

मी पहाटे पोथी घेऊन बसतो. आता चौरंग त्या खोलीत नेला. ससे पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त हिंडतात, हे मला तेव्हा कळलं. हळू आवाजात वाचत राहायचो. चौथ्या दिवशी खोक्याच्या दारात नाक दिसलं. सातव्या दिवशी तो माझ्या पाठीमागून फिरून गेला. नवव्या दिवशी पायाच्या अंगठ्याला मिशा लागल्या. मी हललो नाही. मग त्याने चौरंगाच्या कोपऱ्यावर हनुवटी घासली. सशांच्या हनुवटीखाली गंधाची ग्रंथी असते. ती घासून ते 'हे माझं' अशी खूण करतात. खरं सांगतो, मंडळी, त्या दिवशी पुढची ओवी मला वाचवेना.

ज्ञानेश्वर माउलींनी या श्लोकावर समुद्राचा दृष्टांत दिला आहे. समुद्र एवढा मोठा, गर्जना करणारा, पण त्याच्या पोटातल्या जलचरांना त्याची भीती वाटत नाही, आणि त्यांच्या वळवळीचा समुद्रालाही वीट येत नाही. मोठं असणं हा दोष नाही. लहानाला त्या मोठेपणात निर्धास्त राहता येतं का, हा प्रश्न आहे.

मी वर्गात शिरलो की टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता व्हायची. निवृत्तीच्या समारंभात त्याचं कौतुकही झालं. घरीही तसंच. मुलाने मला कधी उलट उत्तर दिलं नाही. 'आमचा मुलगा शांत आहे हो,' असं मी पाहुण्यांना सांगायचो. त्याला चित्रकलेकडे जायचं होतं, हे मला त्याच्या लग्नानंतर सुनेकडून समजलं. दहावीनंतर मी पुढे केलेल्या फॉर्मवर त्याने निमूट सही केली होती. भुऱ्या मांडीवर बसला होता, तसाच.

आता कोणी म्हणेल, अहो पण थोडा धाक हवाच ना, नाहीतर पोरं बिघडतील. मीही हेच म्हणत आलो. पण मर्यादा घालणं वेगळं आणि धाक घालणं वेगळं. ससे वायरी कुरतडतात. आम्ही वायरी वर उचलून बांधल्या, स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. ही मर्यादा. ओरडून, आपटून त्याला दबकवलं असतं, तर तो धाक. मर्यादेत जीव सुरक्षित राहतो. धाकाने तो फक्त दिसेनासा होतो.

आणि वाट पाहणं म्हणजे दुर्लक्षही नव्हे. डॉक्टरांनी बजावलं होतं, अर्धा दिवस खाल्लं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत तर लगेच घेऊन या, सशाचं पोट थांबणं जिवावर बेततं. म्हणून रोज गवत किती संपलं ते बघायचो, लेंड्या बघायचो. अंतर ठेवायचं, पण लक्ष काढायचं नाही. पंढरीचा राणा पुंडलिकाच्या दारी असाच थांबला ना? आईवडिलांची सेवा सोडून आधी मला बघ, असं तो म्हणाला नाही. भक्ताने फेकलेल्या विटेवर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. ज्याला सगळं शक्य आहे, त्याने थांबणं निवडलं.

सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची यादी आहे. तिथे पहिलं नाव अभयाचं. आपण ते 'मला भीती वाटू नये' असं वाचतो. आजच्या श्लोकाशेजारी ठेवून वाचलं की त्याची दुसरी बाजूही दिसते : माझी कोणाला भीती वाटू नये.

काल रात्री मुलगा जेवताना ऑफिसातलं काहीतरी सांगू लागला. अर्ध्यावर थांबला आणि माझ्याकडे बघितलं. एरवी मी तिथेच सल्ला दिला असता. काल ताटाकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने त्याने पुढचं सांगितलं. फार नाही, दोन वाक्यं. चित्रकलेचं मी अजून विचारलेलं नाही. विचारायचा हक्क माझा, पण वेळ त्याची.

आज एवढंच करू या. घरात, कामाच्या ठिकाणी, आपल्यासमोर जो गप्प बसतो, तो निवांत आहे की थिजलाय, हे एकदा नीट बघू या. घरी काम करायला येणाऱ्या मावशी असतील, नवी सून असेल, वर्गातलं शेवटच्या बाकावरचं पोर असेल. आणि उत्तर नको ते आलं, तर त्याला हात घालून बाहेर काढायला जाऊ नका. जमिनीवर बसा. दार उघडं ठेवा.

श्रीकृष्णार्पणमस्तु.